उद्धरणांचा रकाना आणि दामोदर कोसंबी

हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे एक नवे काम आले. प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फायली तयार होऊ लागल्या की त्यांतला 'संशोधन' हा भाग तपासणीसाठी ग्रंथालयाकडे येई. लेख कुठे छापून आला, त्या नियतकालिकाला नोंदणी क्रमांक आहे का, ते मान्य यादीत बसते का, एवढे पाहून झाले की शेवटचा रकाना उरे : या लेखाचा इतरांनी किती वेळा संदर्भ घेतला? त्यालाच 'सायटेशन' म्हणतात. इंटरनेटवर नाव टाकायचे, आकडा येईल तो लिहायचा. माणशी पाच मिनिटांचे काम.

एका वर्षी मराठीच्या एका प्राध्यापकांची फाईल आली. माझे स्नेही. कळमनुरी आणि औंढा तालुक्यांतल्या गावांमधून वीसेक वर्षे फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या, आणि शेतातले, गोठ्यातले, चुलीपाशी बोलले जाणारे शब्द वह्यांमध्ये टिपले होते. त्यांचे लेख बहुतेक दिवाळी अंकांत आणि एक-दोन त्रैमासिकांत आलेले. एक पुस्तक, तेही स्वतःच्या खर्चाने काढलेले. मी त्यांचे नाव देवनागरीत टाकले, मग इंग्रजीत, मग इंग्रजीतच तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून पाहिले. काहीच आले नाही. फोन केला. म्हणालो, "सर, आकडा येतच नाही. काय लिहू?"

"त्याला इचारायचं कामून?" ते म्हणाले. "शून्य तर शून्य लिहा. उगं दोन-चार कशाला करता?"

मी शून्य लिहिले. त्यांची बढती त्या वर्षी अडली. एकट्या शून्यामुळे अडली असे मी म्हणणार नाही, गुण इतरही ठिकाणी कमी पडत होते. पण ते शून्य माझ्या हस्ताक्षरात होते, आणि खाली ग्रंथालयाचा शिक्काही होता. निवृत्तीनंतर हातात वेळ आला तेव्हा हा रकाना मुळात आला कुठून, तो काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे वाचायला घेतले. त्या वाचनात शेवटी एक माणूस भेटला, दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांच्यापर्यंत येण्याआधी थोडा रकान्याचा इतिहास सांगावा लागेल.

तो सुरू होतो वकिलांपासून. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३पासून न्यायालयीन निकालांची एक सूची काढायला सुरुवात केली. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, हे त्यात पाहता येई. वकिलाला कळे की आपण ज्या निकालावर उभे आहोत तो अजून शाबूत आहे की वरच्या न्यायालयाने मोडून काढला आहे. पुढे १९२७मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी 'सायन्स' या साप्ताहिकात एक छोटा लेख लिहिला. प्रश्न साधा होता : लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे पैसे थोडे असतात, मग रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकातले एका वर्षाचे संदर्भ मोजले आणि ज्यांची नावे वारंवार आली ती घ्या, असे सांगितले. म्हणजे ही मोजणी आमच्याच धंद्यातली, ग्रंथपालाच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकासाठी केलेली. हे वाचून मला जरा बरे वाटले आणि जरा अपराधीही.

युजीन गारफील्ड या फिलाडेल्फियातल्या माणसाने शेपर्डची सूची पाहिली आणि १९५५मध्ये 'सायन्स'मध्येच सुचवले की विज्ञानासाठीही अशी सूची हवी. १९६४मध्ये त्याच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध केला. पहिल्या सूचीत ६१३ नियतकालिके होती. ग्रंथालयातली आपली नेहमीची सूची मागे नेते : या लेखकाने आधी काय वाचले होते ते सांगते. गारफील्डची सूची पुढे नेते : हा लेख नंतर कुणी वाचला ते सांगते. ही कल्पना मोठीच आहे आणि शोध घेण्याचे साधन म्हणून तिला तोड नाही, हे मी आजही म्हणेन. अडचण तेव्हा सुरू झाली, जेव्हा वाट दाखवणारा कंदील तराजू म्हणून वापरात आला.

तराजूची दोन मापे आपल्याकडे विशेष चालतात. पहिले 'इम्पॅक्ट फॅक्टर'. एखाद्या नियतकालिकाने गेल्या दोन वर्षांत जे लेख छापले, त्यांचे यंदा किती संदर्भ घेतले गेले, भागिले लेखांची संख्या. हे माप नियतकालिकाचे आहे, माणसाचे नाही. एखाद्या नामवंत शाळेची सरासरी ८५ टक्के असली म्हणून तिथल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला ८५ गुण देत नाहीत. दुसरे माप 'एच-इंडेक्स'. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ते २००५मध्ये सुचवले. तुमचे दहा लेख असे असतील की प्रत्येकाचा किमान दहादा संदर्भ घेतला गेला, तर तुमचा इंडेक्स दहा. अकरावा लेख कितीही चांगला असो, त्याला अकरा संदर्भ मिळेपर्यंत आणि वरच्या दहांनाही प्रत्येकी अकरा होईपर्यंत आकडा हलत नाही. उलट एकाच लेखाला पन्नास हजार संदर्भ मिळाले आणि दुसरा लेखच नसेल, तर इंडेक्स एक.

हिर्शने आपल्या मूळ निबंधातच एक सावधगिरी दिली होती, ती आपल्या समित्यांपर्यंत पोचली नाही. भौतिकशास्त्रज्ञांत त्याला सर्वांत वरचा आकडा सापडला एडवर्ड विटनचा, ११०. जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडरचा, १९१. म्हणून स्नायडर विटनच्या पावणेदोन पट मोठा, असा अर्थ कुणी काढू नये, शाखा वेगळ्या. जीवशास्त्रात माणसे जास्त, लेख जास्त, प्रत्येक लेखाखाली संदर्भ पन्नास-साठ. गणितात एक लेख दोन वर्षे लिहितात आणि खाली पंधरा संदर्भ देतात. इतिहासात तर संदर्भ घेतला जातो तो पुस्तकात, आणि पुस्तके या सूचीत नीट येतच नाहीत. हळद क्विंटलवर विकली जाते, दूध लिटरवर. दोघांच्या आकड्यांची बेरीज करून शेतकरी कोणता मोठा हे ठरवणारा माणूस वसमतच्या बाजारात सापडणार नाही.

जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला शोधनिबंध कोणता? पुष्कळांना आइन्स्टाइन वाटतो. तो आहे ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा, द्रावणातली प्रथिने कशी मोजावीत याबद्दलचा. 'नेचर'ने २०१४मध्ये पहिल्या शंभर निबंधांची यादी केली तेव्हा त्याचे संदर्भ तीन लाखांवर गेले होते. डीएनएची दुपेडी रचना सांगणारा वॉटसन-क्रिकचा १९५३चा निबंध त्या शंभरात नव्हता. लोरीचा निबंध पाककृतीसारखा आहे. जो जो तो पदार्थ करतो, तो तो नाव घेतो. म्हणजे सायटेशन उपयोग मोजते. थोरवी मोजते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

आता कोसंबी.

त्यांचा जन्म गोव्यातल्या कोसबेन गावी, ३१ जुलै १९०७चा. वडील धर्मानंद कोसंबी, बौद्ध धर्माचे पंडित, ज्यांचे 'भगवान बुद्ध' आणि 'निवेदन' मराठी वाचकाला सांगायला नकोत. मुलगा अमेरिकेत शिकला, १९२९मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन परतला, बनारस आणि अलीगढला शिकवले, १९३३मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला. तिथे साधारण बारा वर्षे काढली. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली तेव्हा भाभांनी त्यांना तिकडे घेतले, आणि १९६२मध्ये तो संबंध संपला. २९ जून १९६६ला पुण्यात मृत्यू. साठी गाठली नाही.

मी एक खेळ केला. कोसंबींची फाईल आमच्या टेबलावर आली आहे असे समजलो आणि लेखांची यादी रकान्यांत घालायला बसलो. पहिलीच अडचण नावाची. बाप धर्मानंद, मुलगा दामोदर. इंग्रजी आद्याक्षराने दोघेही 'डी. कोसंबी'. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा ४१वा खंड म्हणजे 'विसुद्धिमग्ग', वॉरनने सुरू केलेले आणि धर्मानंदांनी तपासून पूर्ण केलेले संपादन, प्रसिद्धी १९५०. त्याच मालेचा ४२वा खंड म्हणजे विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश', संपादक दामोदर कोसंबी आणि वा. वि. गोखले, १९५७. एका जगप्रसिद्ध मालेत लागोपाठचे दोन खंड बाप-लेकांचे. संगणकाने हे दोन्ही एकाच माणसाच्या नावे टाकले तर त्याला दोष देता येणार नाही.

आणि त्यात दामोदररावांनी स्वतःच भर घातली आहे. १९६०च्या दशकात त्यांनी गणितातले काही निबंध 'एस. डुक्रे' या टोपणनावाने छापले. त्यांचा संदर्भ कुणी घेतला तर तो कोसंबींच्या खात्यावर पडणार नाही. त्याहून गमतीची गोष्ट तरुणपणची. अलीगढला त्यांचा मित्र होता फ्रेंच गणिती आंद्रे वेय. एका सहकाऱ्याची जिरवावी म्हणून वेयच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१-३२मध्ये एक निबंध छापला : 'बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे एक सामान्यीकरण'. हा बुर्बाकी म्हणे क्रांतीत मारला गेलेला एक रशियन गणिती. असा कुणी नव्हताच. छापील गणितात बुर्बाकी हे नाव आले ते इथे, आणि काही वर्षांनी वेय आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी तेच नाव घेऊन सबंध गणिताची पुनर्मांडणी करणारी ग्रंथमाला सुरू केली. आमच्या रकान्याच्या हिशोबाने मात्र त्या दिवशी एका अस्तित्वात नसलेल्या माणसाला एक सायटेशन मिळाले. २०१०मध्ये ग्रेनोब्लच्या सिरिल लाबे यांनी हाच प्रयोग मुद्दाम मोठ्या प्रमाणावर केला. 'आइक अँटकेअर' नावाचा बनावट शास्त्रज्ञ, संगणकाने तयार केलेले अर्थहीन निबंध, एकमेकांचे संदर्भ देणारे. गूगल स्कॉलरवर त्याचा एच-इंडेक्स ९४ भरला.

नावांचा घोळ निस्तरल्यावर लेखांकडे वळलो. कोसंबींचा सर्वांत जास्त संदर्भ घेतला गेलेला निबंध कोणता असेल? इतिहासाचा वाचक म्हणून मला वाटले होते, १९५६चे 'अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी'. ते पुस्तक आहे, निबंध नव्हे. निबंधांत पहिला आहे तो चार पानांचा. अॅनल्स ऑफ युजेनिक्स, खंड १२, पाने १७२ ते १७५. विषय : जनुकांमधली अंतरे.

तो जरा समजावून सांगतो, कारण कोसंबींच्या इतिहासावर मराठीत पुष्कळ लिहिले जाते आणि या चार पानांवर जवळजवळ काहीच नाही. जनुके गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात. आईबापांकडून आलेल्या दोन माळा पुढच्या पिढीसाठी बीजपेशी तयार होताना एकमेकींना चिकटतात, कुठेतरी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल होते. दोन मणी जितके दूर, तितकी त्यांच्यामध्ये तुटण्याची शक्यता जास्त. म्हणून संततीत किती जणांमध्ये हे दोन गुण एकमेकांपासून वेगळे झाले, ते मोजून मण्यांमधले अंतर काढता येते. पण एक भानगड आहे. दोन मण्यांच्या मध्ये माळ दोनदा तुटली तर दोन्ही अदलाबदली एकमेकींना पुसून टाकतात आणि मोजणाऱ्याला काहीच झाले नाही असे दिसते. म्हणजे दिसणारा आकडा खऱ्या अंतरापेक्षा कमी असतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९मध्ये ही दुरुस्ती करणारे सूत्र दिले होते. त्यात गृहीत असे होते की एका ठिकाणी माळ तुटली याचा दुसऱ्या ठिकाणच्या तुटण्याशी काही संबंध नाही. प्रत्यक्षात संबंध असतो : एकदा तुटली की जवळपास पुन्हा तुटणे अवघड होते. कोसंबींनी हा अडथळा हिशोबात घेतला, आणि अंतर वाढेल तसा तो कमी होतो असे धरून एक सुटसुटीत सूत्र काढले. शंभरात वीस ठिकाणी अदलाबदल दिसली, तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटीमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२.

हे लिहिणारा माणूस जनुकशास्त्रज्ञ नव्हता. फर्ग्युसनमध्ये पदवीच्या वर्गांना गणित शिकवत होता, आणि जनुकशास्त्रात पुढे तो फारसा रमलाही नाही. पण हरभरा असो, ज्वारी असो की कापूस, पिकांच्या जनुकांचा नकाशा करणाऱ्या जगभरच्या असंख्य निबंधांत 'कोसंबी फंक्शन' वापरल्याचे एक वाक्य असते. संगणकावर नकाशे काढण्याच्या प्रणालींत हाल्डेन की कोसंबी, असा पर्याय निवडावा लागतो. त्या चार पानांचे संदर्भ हजारांनी आहेत. यात ग्रंथपालाच्या नजरेला दोन गोष्टी खुपतात. एक, निबंधाचे साल काहीजण १९४३ देतात, काहीजण १९४४, त्यामुळे सूचीत एकाच निबंधाच्या दोन नोंदी होतात आणि आकडा फुटतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुष्कळ लेखक 'कोसंबी फंक्शन वापरले' एवढे लिहितात आणि खाली संदर्भच देत नाहीत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला नाव दिले आहे : ज्ञान इतके अंगवळणी पडते की ते कुणाचे हे सांगणे थांबते. पाढे म्हणताना कुणी लेखकाचे नाव सांगत नाही. सायटेशन मोजणाऱ्याला हे यश दिसत नाही, उलट घट दिसते.

चार पानांचे एवढे झाले. आता एक तेरा पानांचा निबंध. १९४३, जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी, 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस'. समजा रोजच्या तपमानाचे वर्षभराचे ३६५ आलेख आहेत. प्रत्येक आलेख वेगळा. तरी त्या सगळ्यांच्या मुळाशी थोडेसेच मूळ आकार असतात, आणि ते कमी-जास्त प्रमाणात मिसळले की कोणताही आलेख जवळजवळ उभा राहतो. ते मूळ आकार कमीत कमी संख्येने कसे निवडावेत, याची पद्धत कोसंबींनी दिली. जवळपास त्याच सुमारास आणि थोडे नंतर फिनलंडचे कारुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे मांडली, आणि जग तिला 'कारुनेन-लोएव्ह' म्हणू लागले. प्रवाहातल्या भोवऱ्यांचा अभ्यास तिच्यावर चालतो. १९८७मध्ये सिरोविच आणि किर्बी यांनी याच वाटेने माणसाचा चेहरा थोड्या आकड्यांत बसवून दाखवला. संगणकाने चेहरा ओळखण्याच्या पुढच्या कामाची ती एक सुरुवात. कोसंबींचा निबंध युद्धकाळात भारतीय नियतकालिकात छापला गेला, पोचायचा तिथे वेळेवर पोचला नाही. इम्पॅक्ट फॅक्टरच्या दोन वर्षांच्या खिडकीतून पाहिले असते तर माझ्या रकान्यात तेच आले असते जे मी माझ्या स्नेह्यांच्या नावापुढे लिहिले. २०११मध्ये द्रवगतिशास्त्राचे जाणकार रोद्दम नरसिंह यांनी 'रेझोनन्स' मासिकात कोसंबींच्या या निबंधाचे महत्त्व दाखवून दिले, २०१६मध्ये राम रामस्वामी यांनी कोसंबींचे निवडक गणिती लेखन एका खंडात आणले. आता काहीजण 'कोसंबी-कारुनेन-लोएव्ह' असे तिघांचे नाव घेतात. सत्तर वर्षांनी.

भूमितीतल्या कामाची कथा नेमकी उलटी. १९३३मध्ये कोसंबींचा निबंध एका जर्मन नियतकालिकात आला, आणि त्याच खंडात, त्याच्या लगेच पुढे, एली कार्तां या त्या काळच्या सर्वांत मोठ्या भूमितिज्ञाने त्यावर टिपण लिहिले. हिशोबात तेही सायटेशन एकच. लोरीच्या तीन लाखांतले कोणतेही एक आणि कार्तांचे हे एक, सूचीत दोघांची किंमत सारखी.

नाणी, भर्तृहरी आणि लेणी यांबद्दल मराठी वाचकाला पुष्कळ माहीत आहे, म्हणून थोडक्यात. हातोहात फिरणारे नाणे झिजते, म्हणून वजनांच्या सरासरीवरून आणि पसाऱ्यावरून आहत नाण्यांचा काळानुक्रम लावता येईल, ही कल्पना त्यांची. त्यासाठी हजारो नाण्यांच्या वजनांचा हिशोब केला, पडताळा म्हणून चालू बाजारातली नाणीही तोलून पाहिली. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती १९४८ची, तिच्यामागे शेकडो हस्तलिखिते. गणिती कोसंबी आणि संस्कृतचे संपादक कोसंबी ही दोन माणसे नाहीत, हे मला तिथे पटले. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे पाठभेदांवरून ठरवणे आणि कोणता गुण कोणत्या गुणासोबत पुढच्या पिढीत गेला हे मोजणे, यांत नात्यागोत्याची एकच रीत आहे. पण त्या आवृत्तीचे संदर्भ संस्कृत ग्रंथांच्या तळटीपांत आहेत आणि गारफील्डच्या सूचीत तळटीपांना फारशी जागा नाही.

आणि एक चूकही नोंदवली पाहिजे, नाहीतर हा लेख आरती होईल. १९५९मध्ये कोसंबींनी रीमानच्या सुप्रसिद्ध अनुमानाची सिद्धता दिल्याचा दावा केला, तोही कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात. सिद्धता चुकीची होती. त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला यातून मोठा धक्का बसला. त्या निबंधाचेही संदर्भ घेतले गेले. चूक दाखवण्यासाठी घेतलेला संदर्भ आणि आधारासाठी घेतलेला संदर्भ यांत यंत्र फरक करत नाही. शेपर्डच्या सूचीत तो फरक करण्यासाठी खुणा होत्या. वकिलांना जे शंभर वर्षांपूर्वी कळले ते पुढे गाळले गेले, याचे मला अजून नवल वाटते.

आता परत आमच्या जिल्ह्यात येतो. औंढा नागनाथजवळ दुधाळा गावाच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरचे दोन काटकोनी बोगदे, त्यांतून लेझर. गुरुत्वीय लहरींचा पहिला वेध १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी घेतला, घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ला झाली, आणि त्याच महिन्यात आपल्या मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ची, २,६०० कोटी रुपयांची. त्या शोधनिबंधाला हजारांहून अधिक लेखक आहेत. नावे वर्णानुक्रमाने, म्हणून जगभर तो 'अॅबट आणि इतर' या नावाने ओळखला जातो. अॅबट यांचे आडनाव 'ए-बी' असे सुरू होते, एवढेच कारण. त्या हजारांत पुण्याच्या 'आयुका'चे संजीव धुरंधर आहेत, ज्यांनी सत्यप्रकाश यांच्यासोबत १९९१मध्येच, म्हणजे लहर सापडण्याच्या चोवीस वर्षे आधी, गोंगाटातून असा संकेत कसा गाळून काढावा यावर लिहिले होते. 'आणि इतर' या दोन शब्दांत ते बसतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत अनेक लेखकांच्या निबंधाचे गुण कसे वाटायचे ते दिले आहे : दोघे असतील तर प्रत्येकी ७० टक्के, त्याहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७०, इतर प्रत्येकाला ३०. एका रिकाम्या दुपारी मी हा नियम लायगोच्या निबंधाला लावून पाहिला. एका निबंधाचे तीनशेहून अधिक निबंध झाले. त्याच आयोगाने विद्यापीठांच्या शिफारशींवरून केलेल्या जुन्या मान्य यादीची तपासणी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडली : त्या भागातली, कोणत्याही मान्य सूचीत नसलेली जी नियतकालिके त्यांनी तपासली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीची असू शकतात. मग 'केअर' नावाची नवी यादी आली. ती २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाली. मी निवृत्त झालो नसतो तर तिसऱ्यांदा रकाने आखत बसलो असतो.

औंढ्यापासून नर्सी फार दूर नाही. नर्सी नामदेवांचे गाव, औंढा विसोबा खेचरांचे. आपल्याकडे कर्तृत्वाची नोंद शेवटच्या चरणात होई, 'नामा म्हणे' एवढ्या मुद्रिकेने. पण पुढे विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले, गाथेत रचना मिसळल्या, आणि कोणता नामा कोणता हे सोडवण्यात अभ्यासकांची आयुष्ये गेली. आज संशोधकांना यासाठी सोळा अंकी क्रमांक देतात. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, रोज म्हटली जातात. ते कोणत्या रकान्यात जाईल हे मला सांगता आले नाही.

मोजूच नका, असे माझे म्हणणे नाही. मोजणीशिवाय चाललेल्या ओळखीपाळखीच्या बढत्याही मी पाहिल्या आहेत, आणि त्या काही अधिक न्यायाच्या नव्हत्या. २०१५मध्ये काही अभ्यासकांनी 'नेचर'मध्ये 'लायडन जाहीरनामा' म्हणून दहा तत्त्वे मांडली. त्यांतले तिसरे असे, की स्थानिक महत्त्वाच्या संशोधनातली गुणवत्ता जपा. कळमनुरीच्या ओव्यांवरचे काम कळमनुरीत आणि मराठीतच तपासले जाईल, लंडनच्या सूचीत ते शोधणे चुकीच्या दुकानात जाणे आहे. पण मराठीचे दुकान कुठे आहे? आपल्या त्रैमासिकांच्या, गौरवग्रंथांच्या, दिवाळी अंकांच्या तळटीपांची सूची कुणी केलीच नाही. मग शून्य येते ते कुणी संदर्भ घेतला नाही म्हणून, की कुणी पाहिले नाही म्हणून?

म्हणून गेली दोन वर्षे मी जुन्या पद्धतीने कार्डे करतो आहे. परभणी, नांदेड, हिंगोलीतल्या ग्रंथालयांत असलेले 'नवभारत', 'मराठी संशोधन पत्रिका', 'समाज प्रबोधन पत्रिका' यांचे बांधीव अंक काढायचे, तळटीपा वाचायच्या, कोण कुणाला आधार धरतो ते लिहून ठेवायचे. विद्यापीठांचे प्रबंधही चाळतो. संथ काम आहे, धुळीने खोकला होतो, आणि माझ्या हयातीत पुरे होणार नाही. माझ्या स्नेह्यांच्या त्या पुस्तकाचा उल्लेख आतापर्यंत सात ठिकाणी सापडला. तीन प्रबंधांत, दोन लेखांत, एका गौरवग्रंथात, आणि एकदा एका शब्दकोशाच्या प्रस्तावनेत.

परवा सातही कार्डे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, एकेक कार्ड खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. सहाव्या कार्डावर थांबले. "यात साल चुकलं," म्हणाले. "पुस्तक पुढच्या वर्षी निघालं होतं. तेवढं दुरुस्त करून घ्या."